फटफटी खाली बसवण्याआधी

मोटारसायकल उंच पडते, पाय टेकत नाहीत, म्हणून मागचे शॉकअप आखूड करून गाडी खाली बसवावी असे पुष्कळांना वाटते. गाडी ऐटदार दिसेलही. पण आपल्या नांदेड-लातूरकडच्या पाणंदी आठवा. काळ्या मातीत चाकोऱ्या खोल पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. दुधाचे कॅन लादले की चाक मडगार्डला घासते.

शिवाय मागची बाजू खाली गेली की दिव्याचा झोत वर जातो आणि हँडल सुस्त होते. साईड स्टँडची लांबी तीच राहिल्याने गाडी फार सरळ उभी राहते व धक्क्याने उलट बाजूला पडते. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनेही आहेत.

मग करावे काय? बहुतेक गाड्यांत मागच्या शॉकअपला पायऱ्या असतात. एकट्याने जाताना मऊ पायरी ठेवा. ओझे असेल तर कडक करा. दोन्ही बाजूंची पायरी सारखीच हवी. गादीवाल्याकडून गादीचा फोम बोटभर कमी करून पुढच्या कडा निमुळत्या करून घ्या, म्हणजे पाय सरळ खाली येतो.

नवी गाडी घेताना बैठकीची उंची विचारा. स्प्लेंडर प्लसची ७८५ मिलिमीटर आहे. घरात जे जे चालवणार, त्या प्रत्येकाला दुकानात बसवून पाहा. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले तरी पुरे.