कूलर, बंद घरं आणि पायावरच्या गांधी



यंदा गणपतीच्या आरतीला टाळ्या कमी आणि पोटऱ्यांवर चापट्या जास्त वाजल्या. खासगी बाजारातल्या आमच्या गल्लीत शाळेतून आलेलं कुठलंही पोर बघा, हातापायांवर लाल गांधी आणि त्यांवर नखांचे ओरखडे. मागच्या महिन्यात तीन-चार वहिनींनी मला यावरच लिहायला सांगितलं. मी डॉक्टर नव्हे, दिवसभर कोडमधले बग शोधणारा माणूस; पण घरात पाच वर्षांची मुलगी असल्यामुळे या दुसऱ्या बगांचाही अभ्यास करावा लागला.

चावते ती मादी. अंडी तयार करायला तिला रक्त लागतं, आणि ते पिताना गोठू नये म्हणून ती आपली लाळ आत सोडते. शरीर त्या लाळेला परकं समजून हिस्टामिन सोडतं. सूज आणि खाज येते ती त्यामुळे. लहान मुलांना मोठी गांध उठते आणि वर्षानुवर्षं चावून घेतलेल्या आजोबांना पत्ताही लागत नाही, कारण त्यांच्या शरीराला त्या लाळेची सवय झालेली असते. "तुझं रक्त गोड आहे" असं आजी म्हणते, पण साखरेचा इथे काही संबंध नाही. डास शोधत येतात ते श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास.

चावल्यावर जागा साबणाने धुवा, रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा आणि वर कॅलामाइन लावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. रात्री झोप लागत नसेल तर खाज कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून द्या. टूथपेस्ट, चुना, लिंबू असले प्रयोग मुलांच्या कातडीवर नकोत. आग होते ती वेगळीच. तापवलेला चमचा टेकवायचा उपायही फिरतो आहे. उष्णतेने खाज थोडा वेळ दबते हे खरं, पण पोराला भाजण्याची जोखीम कोण घेणार? मुलांची नखं मात्र कापाच. खाजवलं की खाज वाढते, आणि कातडी फाटली की तिथे पू होतो.

आता चावूच नये म्हणून. डास पळवणारा आवाज काढतात म्हणवणारी मोबाइल ॲप मी स्वतः बघितली आहेत. माझ्याच धंद्यातली असली तरी सांगतो, डासांवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. कॉइल काम करते, पण बंद खोलीत एक कॉइल जळली की हवेत ७५ पेक्षा जास्त सिगारेटींइतके सूक्ष्म कण सुटतात असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. दमेकरी माणूस घरात असेल तर तिला रामराम करा. मच्छरदाणी आणि जोरात फिरणारा पंखा हे दोन जुने उपाय अजूनही चांगले. वाऱ्यात डासाला धड उडता येत नाही.

अंगाला लावायच्या मलमाची गोष्ट तर आपल्या गावाचीच आहे. झाशी रोडवरची डीआरडीई आपल्याला रासायनिक युद्धाच्या संशोधनासाठी माहीत असते. १९४७ मध्ये जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने सुरू झालेली औद्योगिक प्रयोगशाळा पुढे संरक्षण खात्याकडे गेली, आणि १९७३ पासून ती या नावाने ओळखली जाते. जगभर वापरलं जाणारं डीट हे रसायन अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झालं होतं. ते बनवायला लागणारा कच्चा माल भारतात सहज मिळत नव्हता. तेव्हा ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी इथे मिळणाऱ्या मालातून डेपा हे दुसरं रसायन पुढे आणलं. ते स्वस्त पडतं आणि असर जवळजवळ तेवढाच. याच प्रयोगशाळेने डेंग्यूच्या मादीला वासाने एखाद्या भांड्यात अंडी घालायला बोलावून घेणारं मिश्रणही तयार केलं आहे. त्या पाण्यातल्या अळ्यांचे डास कधी होतच नाहीत. मला ही युक्ती फार आवडते.

मलम लावताना मुलांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ आणि जखमेवर लावू नका, तान्ह्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

पण मलम किती दिवस चोपडणार? खरं मूळ आपल्या गच्चीवर आहे. उन्हाळ्यात तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड यायला लागलं की आपण बादल्या, पिंपं, टाक्या भरून ठेवतो, आणि प्रत्येक खिडकीला कूलर. पायांवर पांढरे पट्टे असलेला डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो, तोही आठ-दहा दिवसांत. तो दिवसा चावतो, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे शाळेच्या वेळीच हवेत. कूलर नुसता रिकामा करून उपयोग नाही. टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. कडा ब्रशने घासून काढा, जुनं गवत फेकून द्या.

आणि आता जरा अवघड बोलतो. आपल्यातली कितीतरी घरं आज बंद आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, आईवडील त्यांच्याजवळ. वाड्याला कुलूप, पण कूलर खिडकीत तसाच, त्यात पावसाचं पाणी. हा डास फार लांब उडत नाही, शंभर-दोनशे मीटरांतच फिरतो. म्हणजे शेजारच्या पोराला जो चावतो तो बहुधा आपल्याच कुणाच्या तरी कूलरमध्ये जन्मलेला असतो. बाहेरगावी राहून हा अंक वाचणाऱ्यांना विनंती आहे, किल्ली शेजारी ठेवली असेल तर एक फोन करा.

ताप चढला, डोळ्यांमागे दुखतंय, अंग मोडून आलंय असं झालं तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी स्वतःहून देऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर नाहीच. रक्त तपासा. ताप उतरल्यावरही पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दवाखाना गाठा.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता आमच्या गल्लीतल्या चार बंद घरांचे कूलर आम्ही घासणार आहोत. परवानग्या फोनवर घेतल्या आहेत. शिडी आमच्याकडे आहे, ब्रश घरून आणा.