शिक्का आणि सत्य

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या चलथाणच्या साखर कारखान्याची यंत्रे रात्रंदिवस धडधडू लागतात. जिथे जिथे यंत्रे चालतात तिथे ‘तपासले’ अशी कुणाची तरी सही असते, आणि त्या सहीच्या भरवशावर इतरेजन निर्धास्तपणे कामाला लागतात. या सहीचे मोल डीसी-१० विमानाच्या इतिहासावरून कळते.

१९७० साली अमेरिकेत तीन इंजिनांची दोन प्रशस्त विमाने प्रथम उडाली : मॅकडॉनेल डग्लसचे डीसी-१० आणि लॉकहीडचे ट्रायस्टार. दोन इंजिने पंखांखाली, तिसरे शेपटीशी. दोनच इंजिनांच्या विमानांना त्या काळी विमानतळापासून फार दूर समुद्रावर जाण्याची मुभा नव्हती आणि चार इंजिने खर्चिक पडत. म्हणून हा मधला मार्ग. गिऱ्हाईक एकच असल्याने दोन्ही कंपन्यांत मोठी चुरस लागली.

१२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसरजवळ एका डीसी-१० च्या सामानकक्षाचे नीट न लागलेले दार आकाशात निखळले. हवेचा दाब एकाएकी घटून वरची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या काही तारा निकामी झाल्या. कप्तान ब्राइस मॅककॉर्मिक यांच्या कौशल्यामुळे सर्व ६७ जण वाचले. नियतीने दिलेली ही पूर्वसूचनाच होती! परंतु शासनाने सक्तीचा हुकूम न काढता दुरुस्ती कंपनीवर सोपवली. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्की कंपनीच्या विमानाचे तेच दार निखळले आणि ३४६ जीव गेले. चौकशीत दिसले, की त्या दाराची दुरुस्ती पूर्ण झाल्याचे शिक्के कागदावर होते. दारावर मात्र ती झालेलीच नव्हती.

काही जण याचा दोष स्पर्धेच्या घाईला देतात. मला हे पुरते पटत नाही. घाई वरून लादली जाते हे खरे. पण न केलेल्या कामावर शिक्का मारणारा हात कुणा माणसाचाच असतो.

दक्षतेला बाजारात नेहमीच यश मिळते असेही नव्हे. स्वयंचलित अवतरणात अग्रेसर असलेली ट्रायस्टार विमाने अवघी २५० बनली आणि लॉकहीडने प्रवासी विमानांचा धंदा सोडला. उलट दुरुस्तीनंतर डीसी-१० अनेक दशके उडत राहिले. म्हणून खरेपणा लाभासाठी नव्हे, आपल्या सहीवर विसंबणाऱ्या अनोळखी माणसांसाठी पाळावयाचा असतो. उद्या आपल्यापैकी कित्येक जण कारखान्यांत, रेल्वेत, रुग्णालयांत सह्या करतील. आज प्रयोगवहीत न केलेल्या प्रयोगाचे निरीक्षण लिहिताना त्या ३४६ जणांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.