अर्थशास्त्राची भाषा कोणती?

दहावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलाला परदेशी विद्यापीठाचा मार्ग खुला ठेवायचा, तर त्याला कोणत्या अभ्यासक्रमाला घालावे? चर्चा बहुधा शुल्क, शाळेचा लौकिक आणि इंग्रजी या तीन गोष्टींभोवती फिरते. आंतरराष्ट्रीय पात्रता म्हणजे सगळे विषय इंग्रजीतूनच, हे तर गृहीतच धरलेले असते. हे गृहीत सर्वस्वी खरे नाही, हे जपानमधील एका योजनेने दाखवून दिले आहे.

१९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अर्थात आयबी, या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आपल्या अकरावी-बारावीच्या वयातील विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचा असतो. विद्यार्थी सहा विषय घेतो. सामान्यतः तीन उच्च स्तरावर आणि तीन प्रमाण स्तरावर. प्रत्येक विषयाला कमाल ७ गुण, दीर्घ निबंध व ज्ञानविचार या दोन अंगांचे मिळून ३, असे एकूण ४५ गुण होतात. पदविका मिळण्यास किमान २४ गुण आणि इतर काही अटींची पूर्तता आवश्यक असते. इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या त्याच्या मुख्य अध्यापनभाषा होत.

२०१३ साली जपानचे शिक्षण मंत्रालय आणि आयबी यांच्यात द्विभाषिक अभ्यासक्रमाविषयी सहमती झाली. तिच्यानुसार अर्थशास्त्र, इतिहास, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांसारखे विषय जपानीतून शिकण्याची आणि परीक्षाही जपानीतूनच देण्याची सोय झाली. मात्र सहांपैकी किमान दोन विषय, सहसा इंग्रजी भाषा आणि आणखी एखादा, इंग्रजीतूनच घ्यावे लागतात. पदविका मात्र तीच. तिचे मोल कोठेही उणे धरले जात नाही.

अर्थशास्त्राच्या बाबतीत ही सवलत विशेष महत्त्वाची ठरते. त्याचे कारण त्या विषयाच्या रचनेत आहे. उच्च स्तरासाठी २४० आणि प्रमाण स्तरासाठी १५० तासांचे अध्यापन अपेक्षित असते. दुर्मिळता, निवड, कार्यक्षमता, समन्याय, आर्थिक कल्याण, शाश्वतता, बदल, परस्परावलंबन आणि हस्तक्षेप या नऊ संकल्पनांवर सारा अभ्यास उभा आहे. परीक्षेत निबंधवजा उत्तरे व आकडेवारीवर आधारित प्रश्न असतात; उच्च स्तराच्या विद्यार्थ्याला आकडेमोड करून एखादे धोरणही सुचवावे लागते. याखेरीज अलीकडच्या, एका वर्षाच्या आतील, बातम्यांवर प्रत्येकी कमाल ८०० शब्दांची तीन भाष्ये लिहावी लागतात. उच्च स्तरावर या भाष्यांना २० टक्के, तर प्रमाण स्तरावर ३० टक्के भार असतो.

याचा अर्थ असा की हा विषय पाठांतराने साधत नाही. भोवतालचा बाजार वाचता यावा लागतो. २०२५ साली जपानमध्ये तांदळाचे भाव भडकले आणि सरकारने राखीव साठ्यातील तांदूळ बाजारात आणला. भाव का वाढला, साठा सोडल्याने ग्राहकाला किती दिलासा मिळाला, शेतकऱ्याचे काय झाले, हे प्रश्न तेथील घराघरांत जपानीतूनच बोलले जात होते. ज्या भाषेत आई वाणसामानाचा खर्च मांडते, त्याच भाषेत विद्यार्थ्याला सरकारी हस्तक्षेपाचे गुणदोष मांडता आले, तर विचार उसना राहत नाही.

अर्थात या व्यवहारालाही नावेची बाजू आहे. जपानीतून अर्थशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठात गेल्यावर सारी परिभाषा नव्याने आत्मसात करावी लागेल. त्या विद्यापीठाची इंग्रजीविषयीची अट निराळीच असते. म्हणूनच दोन विषय इंग्रजीतून घेण्याचे बंधन हे ओझे न मानता विमा मानावा.

मराठीतून आयबीचे अर्थशास्त्र शिकण्याची अशी सोय नाही. तरीही आपल्या पालकांना याच नियमावलीतील एक तरतूद उपयोगी पडेल. जो विद्यार्थी साहित्यासह अभ्यासाची पहिली भाषा म्हणून, उदाहरणार्थ, हिंदी घेतो आणि अर्थशास्त्र इंग्रजीतून शिकतो, त्याला दोन्ही विषयांत किमान ३ गुण मिळाल्यास, पदविकेच्या अन्य अटी पूर्ण होताच, ‘द्विभाषिक पदविका’ दिली जाते. हिंदी किंवा मराठी केवळ दुय्यम भाषा म्हणून घेतल्यास मात्र हा लाभ मिळत नाही. मातृभाषेतील साहित्याचा स्वयंअध्ययनाने अभ्यास करण्याचाही एक मार्ग प्रमाण स्तरावर आहे. त्या वर्षासाठी मराठीला तो खुला आहे का, याची शाळेने संस्थेकडून लेखी खातरजमा करून घ्यावी. ही चौकशी प्रवेशापूर्वीच व्हावी. विषयांची निवड पक्की झाल्यावर फेरबदल अवघड होतो. शिक्षण पुढे भारतातच घेण्याची शक्यता असेल, तर भारतीय विश्वविद्यालय संघ ही पदविका बारावीशी समकक्ष मानतो. तथापि इच्छित महाविद्यालयाच्या विषयनिहाय अटी स्वतंत्रपणे पाहाव्यात.

उरलेले काम घराचे आहे. पेढीवर मुलाच्या कानावर आवक, उठाव, तेजी, वटाव, घसारा हे शब्द पडतात. पुस्तकात त्याच गोष्टी इंग्रजी नावांनी भेटतात. कोणी सांधा जुळवून दिला नाही, तर दोन्ही ज्ञाने निरनिराळ्या कप्प्यांत पडून राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगावच्या लिलावात उत्पादकाचे काय झाले आणि शहरातील ग्राहकाला काय मिळाले, याची चर्चा जेवणाच्या पानावर मराठीतून करता येते. तीच मांडणी मुलाने मग इंग्रजीत आठशे शब्दांत लिहून पाहावी. असा सराव महिन्यातून एकदा जरी झाला, तरी शुल्कापोटी भरलेल्या रकमेवर खरा परतावा मिळू लागेल. आणि परदेशातून शिकून आलेल्या मुलाला आजोबांच्या खतावणीतील अक्षर परके वाटणार नाही.