परिषदेत प्रश्न कोण विचारणार?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी, राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या आदल्या दिवशी, दिल्लीच्या भारत मंडपममध्ये अंतराळक्षेत्राचे राष्ट्रीय संमेलन भरले. अशा संमेलनांना गर्दी होते, प्रदर्शने लागतात, याचा आनंद आहेच. पण आपल्या अंतराळ कार्यक्रमाला दिशा मिळाली ती अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या बैठकांतून.

चांद्रमोहिमेचेच घ्या. १९९९ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीत आणि २००० मध्ये अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियात तिच्यावर चर्चा झाली. पुढे कृतिदलाने अहवाल केला आणि २००३ मध्ये तो वेगवेगळ्या शाखांच्या सुमारे १०० शास्त्रज्ञांसमोर छाननीला ठेवला गेला. त्यांचा कौल मिळाला, त्याच वर्षी १५ ऑगस्टला पंतप्रधान वाजपेयींनी घोषणा केली. २००८ मध्ये चंद्रयान-१ निघाले ते ११ उपकरणे घेऊन. त्यांतली ५ भारतीय. चंद्रावरच्या पाण्याचा माग लागला तो याच मोहिमेत.

त्याही आधी, १९७५-७६ मध्ये, 'साइट' प्रयोगात अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. अभियंत्यांच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ कामाला लागले होते. काही अभ्यासक तर गावांत मुक्काम ठोकून, लोक काय पाहतात आणि त्यातले काय उचलतात, याची नोंद करत होते. अंतराळ समुदाय म्हणजे कोण, याची इतकी व्यापक समज मला नंतर क्वचितच दिसली.

आजही त्या व्यापक समजेची गरज आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते: बंदरापासून कोणती दिशा, किती अंतर, किती खोली. ती सूचना कोकणच्या किनाऱ्यालाही मिळते. डिझेल जाळून तिथवर जाणाऱ्या तांडेलाला मासळी लागली की नाही, हे त्या उपग्रहाची उपकरणे बनवणाऱ्याने त्याच्याच तोंडून ऐकायला हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय अंतराळ विज्ञान परिसंवाद गोवा विद्यापीठात भरला होता. समुद्र हाकेच्या अंतरावर; असे ऐकायला याहून सोयीची जागा कोणती? पुढच्या राष्ट्रीय संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिले सत्र तांडेलांना, शेतकऱ्यांना, तलाठ्यांना द्यावे, आणि शास्त्रज्ञांनी समोर बसून वहीत टिपून घ्यावे.