भीती नको, हिशेब हवा

घरगुती सीएनसी राउटर बाळगणाऱ्या हौशी कारागिरांत, बारीक एंड मिल मोडेल या धास्तीने फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, शक्य तितका कमी ठेवण्याचा जो प्रघात पडला आहे, तो सावधपणाचा दिसत असला तरी वस्तुतः हत्याराच्या नाशासच कारणीभूत होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन मिलिमीटर व्यासाची दोन धारांची एंड मिल मिनिटास १८,००० फेरे घेत असता फीड मिनिटास १,००० मिलिमीटर ठेवला, तर प्रत्येक धारेच्या वाट्यास सुमारे ०.०२८ मिलिमीटरचा काप येतो. तोच फीड ३०० वर आणला, की काप जेमतेम ०.००८ उरतो, धार कापण्याऐवजी घासू लागते, आणि चिपेबरोबर बाहेर पडावयाची उष्णता हत्यारातच साठून लाकूड करपते, ॲक्रिलिक वितळते व धार बोथट होते.

यंत्राचा सांगाडा नाजूक असेल, तर कापाची खोली कमी करावी, फेरे उतरवावेत, आणि एंड मिल तिला धरणाऱ्या कोलेटबाहेर जरुरीपुरतीच ठेवावी. कारण बाहेरची लांबी दुप्पट होताच तिचे वाकणे आठपट होते. तेव्हा यंत्र सुरू करण्यापूर्वी फीडला फेरे आणि धारा यांच्या गुणाकाराने भागून प्रत्येक धारेचा काप काढण्याचा नियम प्रत्येक हौशी कारागिराने कटाक्षाने पाळावा, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.