रोजा मोठ्यांचा, रमजान सगळ्यांचा

रमजान सुरू झाला की आमच्या नांदेड-लातूरकडच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक छोटी चौकट हमखास दिसू लागते. डोक्यावर ओढणी नाहीतर टोपी, गळ्यात फुलांचा हार, आणि फोटोखाली मजकूर : 'सहा वर्षांच्या चिमुकलीने केला पहिला रोजा.' तिचे सर्वत्र कौतुक होत आहे, असेही शेवटी लिहिलेले असते. मुस्लिमेतर शेजारीसुद्धा हे कौतुकाने वाचतात. ज्या पानांवर एरवी आमच्याबद्दल फारसे चांगले काही छापून येत नाही, तिथे आमच्या लेकराचा हसरा चेहरा दिसतो याचा मलाही आनंद होतो. तरीही या चौकटीबद्दल मला काही बोलायचे आहे, आणि ते बाहेरची म्हणून नव्हे, याच मोहल्ल्यांत वाढलेली आणि समाजकार्याचे शिक्षण घेऊन इथल्याच वस्त्यांत काम करणारी बाई म्हणून.

पहिला मुद्दा साधा आहे. रोजा फर्ज आहे तो वयात आलेल्या, तब्येतीने धडधाकट माणसावर. आजारी माणसाला, प्रवाशाला सवलत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही, तिच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होईल अशी भीती असेल तर सवलत आहे. लहान मुलांवर तर तो मुळातच फर्ज नाही. मग सहा वर्षांच्या मुलीकडून तो मागते कोण? आयांना विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : "हम कां बोले आपा, वोइच जिद करी." हे उत्तर खोटे नसते. मुले खरोखरच हट्ट करतात. पण हट्ट कशाचा असतो, हे आपण नीट पाहत नाही.

पहाटेच्या अंधारात घर जागे होते, स्वयंपाकघरात दिवा लागतो, ताटे मांडली जातात. संध्याकाळी सगळे दस्तरखानाभोवती बसून अजानची वाट पाहतात. या सगळ्यात आपल्याला झोपवून ठेवले जाते, 'तू लहान आहेस' म्हणून बाजूला काढले जाते, हे मुलाला सलते. त्याला भूक नको असते, त्याला त्या घोळक्यात जागा हवी असते. ती मिळवायचा एकच रस्ता त्याला दिसतो, उपाशी राहण्याचा, कारण कौतुक त्याचेच होताना त्याने पाहिलेले असते. मोठ्यांनी दुसरे रस्ते उघडून दिले तर तो हट्ट बराचसा आपोआप सैल पडतो.

इथे कोणी हदीसचा दाखला देईल. रुबय्यी बिन्त मुअव्विज या सहाबी स्त्रीने सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. आशुऱ्याच्या दिवशी त्या आपल्या मुलांनाही रोजा ठेवायला लावीत, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करीत आणि मूल भुकेने रडू लागले की ते खेळणे त्याच्या हाती देत. 'पाहा, तेव्हाही मुले रोजा ठेवीत,' असे यावरून सांगितले जाते. मी ती हकिगत वाचते तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसते. खेळणी बनवणाऱ्या त्या बायांचे लक्ष दिवसभर मुलाच्या चेहऱ्यावर होते. आणि सांगितले आहे ते एका दिवसाबद्दल, सवय लावण्याबद्दल. महिनाभर किती रोजे झाले याची पोरांमध्ये चढाओढ लावण्याला त्यात आधार नाही.

आपल्या आज्या-नान्यांनाही हे कळत होते. चिडिया का रोजा, म्हणजे चिमणीचा रोजा, ही युक्ती त्यांचीच. सहेरीला उठायचे, दहा-अकरापर्यंत किंवा फार तर दुपारपर्यंत धरायचे, मग जेवायचे. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांबरोबर इफ्तारला बसायचे. असे दोन अर्धे जोडले की एक रोजा झाला, अशी लाडाने समजूत घालायची. या गमतीत शहाणपण होते. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मोठ्या माणसापेक्षा कमी असतो आणि अंगातले पाणीही लवकर कमी होते, त्यामुळे ते लवकर गळून जाते. शिवाय आपली मुले मुळात किती धष्टपुष्ट आहेत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोन रक्तक्षयी आढळली, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. अशा लेकराला कडक उन्हाळ्यात पाण्याच्या थेंबाशिवाय ठेवणे ही इबादत कशी होईल?

कडक उन्हाळ्याचे म्हणते, कारण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो बराचसा मे महिन्यात होता. मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि रोजा चौदा तासांहून मोठा असतो. २०२४ आणि २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला, ऊन सौम्य झाले, पण दहावीची परीक्षा आडवी आली. आता काही वर्षे तो थंडीकडे जाईल आणि 'हल्ली काही त्रास नाही' असे म्हणत रोजा ठेवणाऱ्या मुलांचे वय आणखी खाली येईल, अशी मला भीती वाटते. २०५० च्या सुमारास तो पुन्हा मे महिन्यात येईल. आजच्या सहा वर्षांच्या मुली तेव्हा आया असतील आणि आज जे शिकल्या तेच करतील. म्हणून घराचा नियम या सोप्या वर्षांतच ठरवायला हवा.

आता मुलगा-मुलगी या भेदाकडे येते. रोजा रखाईचा हार दोघांच्याही गळ्यात पडतो. पण त्यानंतर मुलगा बापाचे बोट धरून तरावीहला जातो आणि दहा वर्षांची मुलगी दुपारपासून फळे चिरायला, भज्यांचे पीठ कालवायला आईच्या हाताखाली बसते. म्हणजे मुलाच्या वाट्याला रमजानची इबादत येते आणि मुलीच्या वाट्याला रमजानचे काम. साडेतीनला उठणारी आणि सर्वांत शेवटी घास घेणारी आई दोघेही रोज पाहतात. पैगंबर साहेब घरात असताना घरच्यांच्या कामात असत, हे हजरत आयेशांनी सांगितलेले आहे. ते मुलग्यांना सांगायला रमजानसारखा दुसरा महिना नाही. दस्तरखान अंथरणे, खजूर धुऊन ठेवणे, जेवणानंतर भांडी विसळणे ही कामे सात वर्षांच्या मुलाला सहज जमतात.

दुसरी गोष्ट आपण आपसातही दबक्या आवाजात बोलतो. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो. ही सूट धर्मानेच दिलेली आहे. तरीही कितीतरी घरांत बाई त्या दिवसांत दाराआड लपून दोन घास खाते, मुलगे आणि सासरे यांच्यासमोर रोजा असल्याचे नाटक करते. मुली हे पाहतात आणि लाज शिकतात. 'आज अम्मीला रोजा नाही' एवढे वाक्य घरात मोकळेपणी उच्चारले गेले, तर उद्या त्या मुलीची पाळी सुरू होईल तेव्हा ती उपाशीपोटी खोटे बोलणार नाही.

मग लहान मुलांनी रमजानमध्ये करायचे काय? पुष्कळ आहे. गच्चीवर जाऊन चंद्र शोधणे त्यांचे काम. शाळा नसेल त्या दिवशी सहेरीला उठणे, चिमणीचा रोजा धरणे. शिवी न देणे, चहाडी न करणे, हा जिभेचा रोजा तर दिवसभर धरता येतो आणि तो मोठ्यांनाही जड जातो! सर्वांत मोलाचा मला फितरा वाटतो. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची असते. ते बाप परस्पर देऊन टाकतो आणि मुलाला पत्ताही नसतो. त्याऐवजी मुलाच्या वाट्याचा गहू त्याच्याच हातांनी मोजू द्यावा. इफ्तारचे ताट शेजारी नेऊन द्यायला त्याला पाठवावे, पाटलांच्या घरी आणि कांबळ्यांच्या घरीही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या गावात पाखरांसाठी पाण्याचे भांडे भरणे हाही रमजानचा धडाच आहे. आणि नांदेडकरांनी तर लांब जायलाच नको. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पोरे पंगतीत रोट्या वाढतात. त्यांना कोणी उपाशी ठेवत नाही, तरी सेवा शिकतात.

शिक्षकांना एवढेच सांगणे : मूल घामाघूम झाले, चक्कर आली, डोके दुखू लागले, तर पाणी द्या, काहीतरी गोड खायला द्या आणि घरी कळवा. आणि आईबापांनी आधीच सांगून ठेवावे की असा रोजा सोडला तर पाप नाही, कोणी हसणार नाही.

'बाहेरचे टपून बसलेले असताना आपल्या घरातले कशाला चव्हाट्यावर मांडायचे?' असे मला विचारले जाईल. या भीतीत तथ्य आहे, तिची मला जाणीव आहे. पण आपल्या गप्प बसण्याची किंमत लेकरे मोजत असतील तर तो सौदा मला पटत नाही. शिवाय हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. हरतालिकेला निर्जळी उपास करणाऱ्या शाळकरी मुलींचे कौतुक होते, तेही याच जातीचे आहे. मैत्रिणींनो, आपापल्या घरात लहान मुलाला शाबासकी कशाबद्दल मिळते ते एकदा तपासून पाहा. आणि पुढच्या रमजानला जिल्हा पानावर फोटो छापून आणायचाच असेल, तर आपल्या वाट्याचा गहू मोजणाऱ्या मुलीचा छापून आणू. तिने दुपारी जेवलेले असेल, आणि तिच्या शेजारी ताटे उचलणारा तिचा भाऊही असेल.