ताप उतरला, हृदयाचे काय?

ताप उतरला की आजार संपला, ही आपल्याकडची सर्रास समजूत. रुग्णालयातून सुट्टी मिळाली की दोन दिवसांत माणूस शेतावर, कारखान्यात किंवा लोकलच्या गर्दीत परततो. विषाणूने हृदयाला इजा केली का, हे बहुतेकदा कोणी पाहतच नाही. गंभीर विषाणूजन्य तापाच्या उपचारात ही पाहणी नेमाने झाली पाहिजे. तशी इजा झाली असेल, तर रक्तातली प्रथिने ते सांगतात.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. एरवी रक्तात ते नाममात्र असते; पेशींना इजा झाली की वाढते. २०२०च्या सुरुवातीला वुहानमधल्या डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल ४१६ कोविड रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी ८२ जणांच्या हृदयाला इजा झाल्याचे याच प्रथिनावरून दिसले. त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले. उरलेल्यांत मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते. इजा झालेले रुग्ण वयस्क आणि आधीच व्याधीग्रस्त होते, हे खरे. पण धोका कोणाला अधिक, हे त्या एका चाचणीने लवकर दाखवले.

विषाणूशी झुंजताना शरीरात दाह उसळतो. यकृत सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही प्रथिने जास्त बनवू लागते, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. आधीच अरुंद झालेल्या धमनीत गुठळी झाली, तर झटका येतो. हे केवळ कोविडपुरते नाही. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट असतो, असे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या अभ्यासात २०१८मध्ये आढळले. आपल्याकडे दर पावसाळ्यात डोके वर काढणारा डेंगीही काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूला सूज आणतो.

म्हणून प्रत्येक सर्दी-तापात तपासण्यांची जंत्री लावावी, असे मुळीच नाही. ट्रोपोनिन मूत्रपिंडाच्या विकारातही वाढते. केवळ आकड्यावरून घाबरवणे आणि महागडी ‘पॅकेज’ विकणे हा अन्याय आहे. पण छातीत दुखणे, धाप, धडधड किंवा भोवळ असेल, अथवा दाखल झालेल्या रुग्णाला आधीपासून मधुमेह वा हृदयविकार असेल, तर ईसीजी आणि ट्रोपोनिन टाळू नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत धोका अधिक दिसला; लशीमुळे तो वाढल्याचे दिसले नाही. तरीही बोट लशीकडेच दाखवले जाते आणि आजाराने मागे ठेवलेली इजा नजरेआड राहते. हा अपप्रचार जिवावर बेतणारा आहे.

राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी आणि ट्रोपोनिनची सोय चोवीस तास, विनामूल्य असावी. गंभीर तापातून उठलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर हृदयाची फेरतपासणी कधी करायची, ते मराठीत लिहावे. आणि हृदयविकार असलेल्यांना दरवर्षी फ्लूची लस सरकारी दवाखान्यात मिळावी. खासगी हृदयरोगतज्ज्ञाकडे शहरात जाणे ज्यांना परवडते, त्यांची तपासणी आजही होते. ज्यांची रोजी बुडते म्हणून ताप अंगावर काढला जातो, त्यांच्या हृदयाची जबाबदारी सरकारी व्यवस्थेचीच आहे.